अंगावरची वस्ती

"आपल्याला कोणी नाही" असे म्हणणारी माणसे भेटली की अलीकडे मला थोडे हसू येते. त्यांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण शब्दशः पाहिले, तर एवढे बोलण्याचीही सोय विज्ञानाने आता ठेवलेली नाही. काखेसारख्या दमट जागी नखाएवढ्या, म्हणजे चौरस सेंटिमीटरभर कातडीवर दहा लाखांच्या घरात जंतू नांदत असतात. प्रगटदिनाला शेगावात लोटणारी गर्दी त्यांच्यापुढे काहीच नव्हे. आपण दोन बादल्या पाणी अंगावर घेऊन "झालो बाई स्वच्छ" म्हणतो, तेव्हा त्यांतले थोडे वाहून जातात आणि राहिलेले लवकरच रिकाम्या जागा भरून काढतात.

जंतू हा शब्द आपल्या कानाला बरा लागत नाही. शाळेत तो रोगाचे बोट धरून आला आणि पुढे साबणाच्या जाहिरातींत राक्षसाचे तोंड घेऊन भेटत राहिला. त्यामुळे त्याची वस्ती आपल्या अंगावर आहे, आणि ती असणेच निरोगीपणाचे लक्षण आहे, हे ऐकले की पहिल्यांदा अंग खाजल्यासारखे होते. माझेही झाले होते.

या वस्तीची नीट शिरगणती व्हायला फार वर्षे लागली. पूर्वी काचेच्या बशीत जे रुजतील तेवढेच जंतू माणसाला ठाऊक होत. न रुजणारे निसटून जात. २००९ साली अमेरिकेत एलिझाबेथ ग्राइस, ज्युलिया सेग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसे घेतली, प्रत्येकाच्या अंगावरच्या वीस जागा निवडल्या आणि तिथल्या जंतूंची ओळख त्यांच्या जनुकांवरून पटवली. निघाले ते असे, की एकाच माणसाच्या दोन जागांत जेवढा फरक, तेवढा दोन माणसांच्या त्याच जागेत नाही. माझी काख आणि तुमची काख यांचे गोत्र जुळेल, पण माझी काख आणि माझाच हात यांचे जुळायचे नाही.

हे वाचताना मला आमचा बुलढाणा जिल्हा आठवला. आमच्याकडे नवा माणूस भेटला की तो घाटावरचा की घाटाखालचा हे आधी विचारून घेतात. जमीन वेगळी, पाणी वेगळे, बोलण्याचा हेलही वेगळा. कातडीचेही तसेच आहे. कपाळ, नाकाच्या बाजू आणि पाठ हा तेलकट मुलूख. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या हा पाणथळ भाग. हाताची कोपराखालची बाजू म्हणजे निव्वळ कोरडवाहू. आणि कोरडवाहू शेतात जशी ज्वारी, तूर, मूग, अंबाडी अशी मिसळ दिसते, तशी सर्वांत अधिक जातींची मिसळ या कोरड्या हातावरच सापडली. कानामागच्या खोबणीत सर्वांत कमी जाती. लहानपणी "कानामागे घास" म्हणून आई ओरडायची, त्या जागेची ही प्रतिष्ठा!

या वस्तीत सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे मात्र चटकन सांगता येत नाही. स्टॅफिलोकोकस नावाच्या घराण्यातला एपिडर्मिडिस हा जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर असतो. त्याचाच भाऊबंद ऑरियस. केसतोड उठवायचे, जखम चिघळवायची, इसबाच्या चट्ट्यावर ठाण मांडायचे, हे त्याचे उद्योग. एपिडर्मिडिसचे काही वाण असे पदार्थ तयार करतात की ऑरियसला पाय रोवता येत नाहीत. इसबाच्या रोग्यांच्या अंगावर असे रखवालदार कमी झालेले असतात, असे कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांना २०१७ साली दिसले. त्यांनी रोग्याच्याच अंगावरचे रखवालदार वेचून, वाढवून, मलमातून परत त्याच्या हाताला लावले आणि ऑरियस हटला. पण हाच गुणी एपिडर्मिडिस शिरेत घातलेल्या नळीवर किंवा गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर जाऊन बसला की डॉक्टरांच्या तोंडचे पाणी पळते. उंबऱ्याच्या आत एक आणि बाहेर एक अशी माणसे असतात, तसे हे जंतू.

डोक्यात कोंडा आणि छातीपाठीवर शिबे आणणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्टही असेच घरचे. त्याला स्वतःची चरबी करता येत नाही, म्हणून ते आपल्या अंगच्या तेलावर जगते. बहुतेकांच्या डोक्यावर ते निमूट राहते; काहींच्या डोक्याला त्याचे उष्टे सोसत नाही आणि कोंडा पडतो. घामाचेही तसेच. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जंतू त्यावर जेवतात आणि त्यांच्या पंगतीचा तो वास. आपण अत्तरे फवारतो ती त्यांच्या खरकट्यावर.

दिवाळीच्या अंकात जंतूंवर लिहायचे आणि अभ्यंगस्नानाचे नाव घ्यायचे नाही, हे वाचकांना खपणार नाही. माझे सासर मेहकरचे, म्हणजे घाटावरचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे सासूबाई तिळाचे तेल कोमट करून सगळ्यांना ओळीने पाटावर बसवीत. मग मसुरीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी यांचे उटणे. या उटण्याची भलावण करताना "आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते" असे म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. ती मला पसंत नाही. पूर्वजांना जंतू ठाऊक नव्हते. अंग कशाने तडकते आणि कशाने मऊ राहते एवढे ठाऊक होते, आणि तेवढे पुष्कळ होते.

निरोगी कातडी किंचित आंबट असते. शास्त्रज्ञांचे पीएच नावाचे माप लावले तर साधारण पाच. साबणाची वडी नऊ-दहा. या मापात एक अंक चढला की दहापट फरक पडतो, म्हणजे पाच आणि दहा यांत एक लाख पटीचे अंतर. तो आंबटपणा रखवालदारांना मानवतो आणि ऑरियसला जड जातो. साबणाने तो काही वेळ मोडतो, मग कातडी आपला हिशेब आपण दुरुस्त करून घेते. रोज एकदा साबण लावणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. दिवसातून तीनतीनदा खसाखसा घासणाऱ्याचे बिघडते. त्याची कातडी दुरुस्तीला वेळच मिळत नाही म्हणून तडकते, आणि तो तिला मळ समजून आणखी घासतो.

दहाचा पीएच म्हणजे काय हे पाहायचे असेल तर आम्हा मेहकरकरांना लांब जायला नको. लोणारचे सरोवर शेजारीच आहे. उल्का आदळून पडलेले हे विवर या काठापासून त्या काठापर्यंत १.८ किलोमीटर, आणि तळाचे पाणी साबणाच्या पाण्यासारखे खारे, बुळबुळीत. ऐने अकबरीत लोणारची नोंद आहे, आणि काच व साबण करायला लागणारे सारे जिन्नस तिथे मिळतात असे तीत म्हटले आहे. म्हणजे साबणाच्या इतिहासात आमच्या जिल्ह्याचाही चिमूटभर खार पडलेला आहे. माणसाच्या कातडीवर नांदणाऱ्यांपैकी फारसे कोणी त्या पाण्यात तग धरणार नाही. म्हणून ते ओसाड आहे असे मात्र नाही. जून २०२० मध्ये पाणी घटून खार वाढला आणि सबंध तळे गुलाबी झाले, तेव्हा काठावर गर्दी उसळली. शापापासून चमत्कारापर्यंत सगळे बोलून झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा निघाले ते मिठावर पोसणारे गुलाबी सूक्ष्मजीव. पावसाने पाणी वाढले आणि रंग उतरला. जिथे राहणे अशक्य असे आपल्याला वाटते, तिथेही कोणाची तरी सातबाऱ्यावर नोंद असतेच.

अंगावर काही उठले की हल्ली आपण वैद्याकडे जात नाही, औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब" मागतो. तालुक्याच्या बाजारात दोन-तीन औषधे एकत्र केलेली नळी बिनचिठ्ठीची मिळते, आणि तीत बहुधा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत निवते, आणि त्या शांततेच्या आड गजकर्ण पसरत जाते. देशभर हेच चालल्यामुळे गजकर्णाची एक बुरशी अशी निबर झाली आहे, की नेहमीच्या गोळ्यांना ती दाद देत नाही. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी तिचे बारसे केले. नाव ठेवले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्यात आपल्या देशाचे नाव गुंफलेले आहे, आणि त्याचा अभिमान बाळगावा असे काही नाही.

हे सगळे मी थोड्याशा फुरसतीने, गंमत म्हणून वाचीत आले होते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस त्यातली गंमत गेली. माझे माहेर घाटाखालचे, शेगाव तालुक्यातले. तिकडच्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून विचित्र बातम्या येऊ लागल्या. आधी डोके खाजायचे, मग केस राठ व्हायचे, मग नुसता हात फिरवला तरी झुपके हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे, तरणे, बायका, शाळेतली पोरे, कोणी सुटले नाही. पुढे अठरा गावांत मिळून २७९ जणांची नोंद झाली. त्यांत माझी भाचीही होती. सख्ख्या भावाची मुलगी. तिच्या लग्नाचे बोलणे त्याच महिन्यात चालू होते.

पहिला संशय आला शांपूवर. पण ज्यांनी जन्मात शांपू लावला नव्हता त्यांचेही केस गेले. मग संशय पाण्यावर. तो रास्तच होता, कारण हा पूर्णाकाठचा खारपाण पट्टा. इथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि तपासणीत त्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. तिसरा संशय जंतूंवर. डॉक्टरांची पथके आली, डोक्याच्या कातडीचे तुकडे तपासायला नेले, आणि बुरशी असावी असा प्रथम तर्क निघाला. वर्तमानपत्रांत "बुरशी" हा शब्द छापून आला आणि त्या एका शब्दाने गावाभोवती कुंपण पडले.

बुरशीने केस जात नाहीत असे नव्हे. शाळेतल्या पोरांत एकमेकांची फणी, टोपी वापरून तसे होते. पण त्यात केस ठिकठिकाणी जातात, कातडीला खपल्या धरतात, आणि त्याला आठवडे लागतात. चाई पडते तीही गोल गोल, आणि तिचा तर जंतूंशी संबंधच नाही. शरीर आपल्याच केसांवर उलटते म्हणून ती पडते. सबंध घर तीन दिवसांत भुंडे करणारी बुरशी मी तरी वाचलेली नव्हती. भावाला फोनवर मी हे सांगितले. तो म्हणाला, "तुझं पटते व ताई. पण पुस्तक वाचून सोयरे येतात काय?"

२०२५ च्या संक्रांतीला मी मुद्दाम माहेरी गेले. वहिनीने हळदीकुंकवाची तयारी केली होती, पण बायका मोजक्याच आल्या. भाची डोक्याला रुमाल बांधून चुलीपुढे बसून होती. मग वहिनी, ती आणि मी असे तिघी शेजारी बोलावल्या घरी गेलो. ज्या घरी माझे सगळे बालपण गेले, त्या घरच्या बाईने कुंकवाचा करंडा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुमचं तुम्हीच लावून घ्या बाप्पा." वाण दिले तेही ओट्यावर ठेवून. बोलणे गोड होते. तिळगूळही होता. वहिनीने स्वतःच्या बोटाने स्वतःच्या कपाळी कुंकू लावले, आणि बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या बाईला मी दोष देत नाही. तिच्याही घरी उपवर मुलगी होती. पण हळदीकुंकू म्हणजे तरी काय? एका बाईच्या बोटाने दुसऱ्या बाईच्या कपाळाला टेकायचे, एवढाच तो सोहळा. तेवढे काढून घेतल्यावर उरते ते वाटलेले किराणा सामान.

फेब्रुवारीत उलगडा झाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिकडे येऊन गेले होते. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार शोधून कोकणातल्या शेकडो मुलांना जगवणारे, २०२२ साली पद्मश्री मिळालेले हे डॉक्टर. त्यांनी रोग्यांचे रक्त, लघवी आणि केस तपासले, आणि त्याबरोबर घरातला गहू तपासला. रक्तात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हात ते स्थानिक गव्हाच्या ६०० पट असल्याचे त्यांनी सांगितले. तो गहू मुळात आला कोठून, यावर पुढे सरकारी पातळीवर वादही झाला. एप्रिलमध्ये त्याच गावांतल्या काहींची नखे विद्रूप होऊन गळू लागली. केस आणि नखे दोन्ही जाणे ही सेलेनियमच्या विषबाधेची जुनी ओळख आहे. चीनमधल्या हूबे प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात गावेच्या गावे अशी झाली होती. तिथे दगडी कोळशातले सेलेनियम जमिनीत उतरले, जमिनीतून पिकात आणि पिकातून ताटात.

सेलेनियम शरीराला लागत नाही असेही नाही. मोठ्या माणसाला रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम लागतेच. आणि आणखी एक नवल म्हणजे, कोंड्यावरच्या काही औषधी शांपूंत हेच द्रव्य सेलेनियम सल्फाइडच्या रूपाने असते. वरून लावले की ते मॅलॅसेझियाला आवर घालते, पोटात जास्त गेले की केसांची मुळे सोडवते. शांपूवरचा संशय निराधार ठरला, पण ज्याने केस नेले त्याचे बाटलीशी दूरचे नाते निघाले.

कुंकवाचा करंडा ओट्यावर ठेवणारी ती बाई आणि माझी वहिनी एकाच दुकानातून गव्हाची पोती आणत होत्या. हे कळल्यावर मला राग आला, मग तो कोणावर धरायचा ते सुचेना. एका घरातल्या सगळ्यांचे केस एकदम गेले म्हणून लोकांना ती लागण वाटली. एका घरातले सगळे एका परातीतली पोळी खातात हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

खरी देवाणघेवाण कातडीवरून चालते ती निराळीच. २०१३ साली अमेरिकेत ६० कुटुंबांच्या जंतूंची तपासणी झाली. एका छपराखाली राहणाऱ्यांचे जंतू परक्यांपेक्षा एकमेकांशी अधिक जुळतात, आणि हे जुळणे तोंडातल्या किंवा आतड्यातल्या जंतूंपेक्षा कातडीवरच्या जंतूंत जास्त असते, असे दिसले. घरात पाळलेला कुत्राही या भागीदारीत धरलेला होता. जन्माच्या वेळीही असेच. नैसर्गिक प्रसूतीत बाळाच्या अंगावर आईच्या जन्ममार्गातले जंतू चढतात. पोट फाडून काढलेल्या बाळाच्या अंगावर आधी माणसांच्या कातडीवरचे जंतू येतात. मग न्हाऊ घालणारी, पायावर घेणारी, गालगुच्चे घेणारी जी जी माणसे येतात ती आपापला वाटा ठेवून जातात. आपल्याकडे बाळाला पाहायला जाणारे त्याच्या हातावर नोट ठेवतात. नोटेबरोबर आणखी काय काय ठेवतात याचा हिशेब कोणी मांडत नाही. तापसर्दी असताना बाळाजवळ जाऊ नये, जखमेला उघडा हात लावू नये, हे मला मान्यच आहे. स्पर्शाचे कौतुक करायला निघालेल्यांनी हात धुणे सोडावे असे मी म्हणणार नाही.

माहेरी आता रेशनचा गहू कोंबड्यांनासुद्धा घालीत नाहीत. भाऊ खामगावच्या बाजारातून जवळपासचा गहू आणतो; महाग पडतो, आणि पोळ्यांची संख्या कमी होऊन भाकरीची वाढली आहे. एप्रिलपर्यंत भाचीच्या डोक्यावर बोटभर केस आले. लग्नाचे ते बोलणे मात्र परत सुरू झाले नाही. "मला तशे सोयरे पायजेतच नोयतेत" असे ती म्हणते. वहिनीला ते पटत नाही, आणि त्यावरून दोघींची रोज एकदा तरी जुंपते.

परवा मी गेले तेव्हा वहिनी तिच्या डोक्याला तेल चोळीत होती. मी माझे जंतूपुराण सांगायला बसले, तशी वहिनी मध्येच म्हणाली, "अवं पण ताई, केस गेले तवा थे बी गेले असतीन ना?"

मी म्हटले, "नाही गेले. ते केसाच्या मुळाशी, खड्ड्यात राहतात. केस गळला तरी खड्डा जागेवर असतो."

"म्हन्जे घर पडलं तरी भाडेकरू हाललेच नाहीत म्हनाचं," वहिनी म्हणाली.

"भाडं तं देत नाहीत ना एक रुपया," भाची रुमाल झटकीत म्हणाली, "आन् वरून तेल पायजे!"